मधला प्रेशर वॉशर

प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोरदार धार मारून धुणारं मशीन, ही वस्तू माणसाने स्वतः विकत घेऊ नये. शेजाऱ्याने घ्यावी आणि आपण हात हलवत जाऊन "जरा तासाभरासाठी द्याल का?" म्हणून मागून आणावी. माझं दुर्दैव असं की आमच्या शेजाऱ्यांना हे माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. सगळे जण कुणीतरी दुसरा कधी घेतो याची वाट बघत बसले होते, आणि तो दुसरा मी निघालो.

आमच्या घरामागे एक छोटं अंगण आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत फरशी, त्यावर कपडे वाळत घालायची दोरी, आईच्या कुंड्या आणि आईची वेताची खुर्ची. ऊन तिथे फिरकत नाही, त्यामुळे फरशीवर हिरवंगार शेवाळ. गेल्या वर्षी आई त्या शेवाळावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, त्याच दिवशी गाडी घेऊन आली आणि आईला स्वतःच्या घरी घेऊन गेली. मनगट केव्हाच जुळून आलं, पण आई परत आली नाही. ताई सोडेचना.

"रविवारी मी आईला घेऊन येते," ताई फोनवर म्हणाली. "अंगण बघते. नीट असेल तर ती राहील. नसेल, तर तिचा पलंग आणि कपाट कायमचं माझ्याकडे. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय."

ताई कधी नुसती धमकी देत नाही. ती सरळ टेम्पो ठरवते.

आई ताईकडे गेल्यापासून घर गप्प झालं होतं. संध्याकाळी दार उघडताच "आज उशीर?" असं विचारून, माझं उत्तर न ऐकता स्वतःचीच हकीकत सांगत सुटणारं माणूस घरात नव्हतं. पलंग एकदा गेला की आई या घरात पाहुणी होणार, हे मला दिसत होतं. मला ती परत हवी होती.

"त्यात काय एवढं?" बायको म्हणाली. "खराटा घ्या, ब्लीचिंग पावडर टाका आणि घासा."

हा उपाय मी मागे करून पाहिला होता. शेवाळ जागच्या जागी राहिलं, माझी पाठ मात्र जागची हलली. शिवाय यावेळी प्रश्न इज्जतीचा होता. ताईला असं अंगण दाखवायचं होतं की तिने चष्मा पुसून पुन्हा बघितलं पाहिजे. मी जाहीर केलं, "आपण प्रेशर वॉशर घेऊ. घरगुती. परवडेल असा."

"परवडेल असा" हे शब्द उच्चारायला सोपे आहेत. मी इंटरनेटवर शोधायला बसलो आणि तासाभरात माझं डोकं गरगरायला लागलं. कुणी म्हणे दाबाचे बार जास्त हवेत, कुणी म्हणे मिनिटाला पाण्याचे लिटर जास्त हवेत. एकाने लिहिलं होतं, "अप्रतिम मशीन! कारचा रंगही निघाला! पाच स्टार!" हे कौतुक आहे की तक्रार, यावर माझा आणि बायकोचा जेवताना वाद झाला. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, "बॉक्स छान आहे." बस्स, एवढंच. बॉक्स उघडल्यावर त्या माणसाचं काय झालं, कुणास ठाऊक.

शेवटी मी टाकीकाकांना विचारायची चूक केली. टाकीकाका आमच्या शेजारी राहतात. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत, आणि वसाहतीतल्या कुणाच्याही टाकीचं झाकण उघडून आत डोकावण्याचा आपल्याला आजन्म अधिकार आहे असं ते समजतात.

"बार बघू नकोस," काका म्हणाले. "बार हे गिऱ्हाइकाला भुलवायला असतात. लिटर बघ."

"इंटरनेटवर तर म्हणतात..."

"इंटरनेटने कधी व्हॉल्व्ह उघडलाय का?"

मग काकांनी मला पाण्याच्या दाबाचा इतिहास सांगितला. तो त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू झाला आणि बढती नाकारली गेली तिथे येऊन थांबला. प्रेशर वॉशर त्यात कुठे आला नाही.

तेव्हा मी घराण्याची रीत पाळायचं ठरवलं. आमच्याकडे वस्तू निवडायची एक रीत आहे: मधली घ्यायची. पंखा, कुकर, चष्म्याची फ्रेम, काहीही असो. स्वस्त घेतली तर लोक म्हणतात हात आखडला, महाग घेतली तर म्हणतात उतला मातला. मधली घेतली की कुणी काहीच म्हणत नाही. वडिलांनी आयुष्यभर मधली वस्तू घेतली आणि कुणाचं ऐकून घेतलं नाही.

दुकानात तीन मशीन मांडलेली होती. एक लहान, खेळण्यातलं वाटावं असं. एक एवढं दांडगं की त्याला चाकं होती आणि त्याच्याकडे बघूनच फरशीने माफी मागितली असती. आणि दोघांच्या मधे एक पिवळं, सभ्य, मध्यमवर्गीय मशीन. दुकानदाराने मला काही बोलूच दिलं नाही. माझ्या चपला बघितल्या असाव्यात त्याने.

"हे मधलं न्या साहेब. तुमच्यासारखे सगळे हेच नेतात."

तरीही मी फसणारा गडी नव्हे हे दाखवायला दोन-तीन प्रश्न विचारले. बार किती, लिटर किती, मोटर कसली. दुकानदाराने प्रत्येक प्रश्नाला "भरपूर" असं उत्तर दिलं. मी विचारपूर्वक मान हलवली आणि मधलं मशीन घेतलं.

घरी आल्यावर कळलं की त्याच्या प्लगच्या पिना जाड आहेत. तसलं सॉकेट घरात एकच, बाथरूममध्ये गीझरचं. वायर तिथून काढून खिडकीतून मागच्या अंगणात घेतली. म्हणजे रविवारपर्यंत सगळ्यांना गार पाण्याने अंघोळ. दर सकाळी बाथरूममधून बायकोचं जे "अगं आई गं!" ऐकू यायचं, ते माझ्या नावाने होतं हे मला कळत होतं.

मग नळ. मशीनचा पाइप आमच्या नळाला बसेना. प्लंबर आला, नळाकडे बघून हसला, आणि जगातल्या समस्त प्लंबरांनी आजवर विचारलेला प्रश्न त्याने विचारला, "हा नळ कुणी बसवला?"

"तुम्हीच," बायको म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "तेव्हा असेच यायचे," म्हणाला, आणि नळ बदलण्याच्या नादात भिंतीतली एक टाइल फोडून, उद्या येतो म्हणून गेला. तो उद्या आला, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्याला लागणारी जोडणी आणायला मी पुन्हा दुकानात गेलो, तर तिथे मांडणी बदललेली. काल सगळ्यात स्वस्त म्हणून कोपऱ्यात बसलेलं मशीन आता मधे आलं होतं. त्याच्या एका बाजूला आणखी चिमुकलं, दुसऱ्या बाजूला माझं पिवळं. एक गृहस्थ माझ्यासारखीच मान हलवत उभे होते आणि दुकानदार त्यांना सांगत होता, "हे मधलं न्या साहेब." मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय? की मी काल मधलं घेतलं आणि आज ते महागातलं झालं? मी जोडणी घेतली आणि मुकाट्याने परत आलो.

नवा नळ बसला. पाइप बसला. मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मशीन सुरू केलं. ते भयंकर ओरडलं आणि पुढच्या नळीतून एक बारीक धार आली. लहान मूल लाळ गाळतं ना, तेवढी.

टाकीकाका भिंतीवरून बघत होतेच. "आत येणाऱ्या पाण्याला प्रेशर नाही. मशीन हवा ओढतंय."

"अहो काका, पाण्याला प्रेशर असतं तर मी प्रेशर वॉशर कशाला आणला असता?"

"तसं नसतं ते. प्रेशर करायला आधी प्रेशर लागतं." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्यांचा गळा धरावासा वाटला. "गेटजवळ बागेचा नळ आहे बघ. त्याला पंपाचं पाणी. तिथे जोड."

आमचं घर गेटला लागूनच. पाइपही पोचत होता आणि वायरही. पण तो नळ सगळ्या वसाहतीचा, आणि सगळ्या वसाहतीचं जे जे आहे ते आमच्या सेक्रेटरींचं आहे. मी नळाला हात लावला आणि ते कुठून कोण जाणे, पण प्रकटले.

"हा सामायिक नळ आहे. अर्ज करा."

"रविवारी आई यायची आहे हो."

"आईंचा उल्लेख अर्जात करा. कमिटीची बैठक झाली की विचार करू."

"बैठक कधी आहे?"

"ते ठरवायला आधी एक बैठक घ्यावी लागेल."

मी हात जोडले. सेक्रेटरी जरा विरघळले. मशीनकडे बघत म्हणाले, "हे चालतं कसं? नाही म्हणजे, वसाहतीच्या कामाला येत असेल तर गोष्ट वेगळी." आणि त्यांची नजर गेटवरच्या बोर्डाकडे गेली. पत्र्याचा मोठा बोर्ड. वर वसाहतीचं नाव, खाली कमिटीची नावं. अध्यक्षांचं बारीक अक्षरात, सेक्रेटरींचं ठळक. त्यावर धूळ आणि पक्ष्यांचा प्रसाद. "एवढा बोर्ड धुऊन दाखवा. मग तुमचं आम्ही बघतो."

मला यात काही वावगं दिसलं नाही. आम्ही मध्यमवर्गीय लोक सरकारी माणसाने सांगितलेलं काम नेहमी मन लावून करतो, आणि तो सरकारी नसून नुसता सेक्रेटरी आहे हे आमच्या मागाहून ध्यानात येतं. मशीनबरोबर नळीच्या तोंडाला लावायची रंगीत टोकं आली होती. सेक्रेटरींनी स्वतः लाल निवडलं. "लाल म्हणजे जोरदार," म्हणाले.

लाल जोरदारच होतं. पंपाचं पाणी मिळाल्यावर त्या सभ्य पिवळ्या मशीनच्या अंगात काय संचारलं, काही विचारू नका. नळी माझ्या हातात नव्हती, मी नळीच्या हातात होतो. धूळ गेली, प्रसाद गेला. मग खजिनदार गेले. "अहो थांबवा!" सेक्रेटरी ओरडले, पण बटण कुठे ते घाबरून मला सापडेना. त्यांचं ठळक नाव पापुद्र्यासारखं उचललं गेलं आणि रस्त्यावर जाऊन पडलं.

मशीन एकदाचं बंद झालं. बोर्डावरचा नवा रंग पार गेला होता आणि त्याखालचा जुना रंग वर आला होता. जुनी कमिटी! अक्षरं अगदी स्पष्ट होती. अध्यक्ष म्हणून टाकीकाकांचं नाव.

टाकीकाका गेटशी येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, शप्पथ. "ऑइलपेंट आहे," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं पेंटरला, ऑइलपेंट लाव."

"ती कमिटी बरखास्त झालेली आहे!" सेक्रेटरी म्हणाले.

"बोर्डावर काय लिहिलंय ते वाचा."

"बोर्ड म्हणजे कायदा नव्हे!"

"मग इतकी वर्षं कुणी काही विचारलं की तुम्ही बोर्डाकडेच बोट का दाखवत होतात?"

त्यांची जुंपली. लोक जमले. दोघंही मधूनच माझ्याकडे बोट दाखवत होते, आणि दोघांचंही म्हणणं होतं की हे सगळं माझ्यामुळे झालं. एक जण आभार मानत होता आणि दुसरा नुकसानभरपाई मागत होता. भांडणाच्या ऐन भरात काका माझ्याकडे वळले आणि छाती काढून म्हणाले, "अध्यक्ष या नात्याने तुला बागेच्या नळाची परवानगी देतो. जा, काम कर."

एरवी कुणाचं खरं ते मी दोन्ही बाजू ऐकून मग ठरवलं असतं. पण उद्या रविवार होता. मी मशीन आणि पाइप ओढत मागे पळालो.

आणि काय सांगू, अंगण निघालं! शेवाळ सालीसारखं सुटत गेलं आणि खालून अशी फरशी वर आली की तिचा रंग मी घर घेतल्यापासून पाहिलाच नव्हता. बायको दारात येऊन उभी राहिली. "अय्या, फरशी लाल होती?" म्हणाली. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. तेवढ्यात भांडण अर्धवट सोडून आलेले अध्यक्ष भिंतीवरून म्हणाले, "सांध्यांत राहिलंय बघ. जरा जवळून मार."

मी जवळून मारलं. सांध्यांतलं शेवाळ निघालं. त्यामागोमाग सांध्यांतलं सिमेंट निघालं. सिमेंटमागोमाग खालची माती चिखल होऊन उसळली आणि उघड्या खिडकीतून थेट स्वयंपाकघरात गेली. बायकोच्या कौतुकाचं आयुष्य तेवढंच होतं. मी मागे सरकायला पाऊल उचललं, तर पायाखालची फरशी खटकन हलली. बाजूची हलली. पलीकडची तर एका कोपऱ्यातून खालीच गेली. इतकी वर्षं ते अंगण शेवाळानेच धरून ठेवलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

आता अंगण अजिबात घसरडं नव्हतं. फक्त त्यावर उभं राहता येत नव्हतं.

रविवारी ताई आली. मागून आई, हातात कापडी पिशवी. मी काही सारवासारव करायच्या आत ताई सरळ मागच्या दाराशी गेली. अंगणात चिखल, वाकड्यातिकड्या फरश्या, कुंड्या आडव्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर छतापर्यंत शिंतोडे. बाथरूमच्या खिडकीतून लोंबणारी वायर. फुटलेली टाइल. बाहेर गेटवर अजून दोन्ही कमिट्या भांडत होत्या, त्याचे आवाजही येत होते, आणि मधूनच टाकीकाका भिंतीवरून डोकावत होते.

ताईने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मला हवं होतं ते एवढं एकच झालं.

"मी काही बोलत नाही," ती म्हणाली, म्हणजे आता ती बोलणार होती. "चल आई. टेम्पोवाला येईलच."

मी म्हटलं, "ताई, मी प्रयत्न केला गं." एवढ्या मोठ्या माणसाला शोभत नाही असा आवाज निघाला माझा.

आई मात्र कधीच आत गेली होती. ती ओट्याशी उभी होती. तिने भिंतीवरच्या चिखलावर बोट फिरवलं, सुनेकडे बघितलं, आडव्या पडलेल्या कुंड्यांकडे बघितलं. मग पिशवी खुंटीला अडकवली आणि पदर खोचला.

"टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग," ती ताईला म्हणाली. "मी नाही येत."

"अगं पण अंगण बघितलंस का? पाय ठेवायला जागा नाही!"

"म्हणूनच. हे चकाचक असतं ना, तर मी चहा पिऊन तुझ्याबरोबर परत आले असते. म्हटलं असतं, यांचं बरं चाललंय माझ्यावाचून. पण हे बघ काय करून ठेवलंय गाढवाने! यांना एकटं सोडून मी तुझ्याकडे टीव्ही बघत बसू?"

मला इतक्या लोकांसमोर गाढव म्हटलं गेलं आणि मला इतका आनंद झाला की मी तिथेच मटकन खाली बसलो. जिथे बसलो ती फरशी हलली, पण मी उठलो नाही. बायकोने डोळ्यांना पदर लावला. गार पाण्याच्या अंघोळी संपणार म्हणून असेल, पण मी तो आईसाठी होता असं धरून चाललो.

"ऊठ, ऊठ," आई म्हणाली. "सिमेंट आण आधी. आणि त्या भिंतीवरच्या माणसाला सांग, सल्ला द्यायचा असेल तर खाली येऊन फावडं धर."

ताई दारात उभी राहिली. तिचं घर अगदी लखलखीत असतं. तिच्याकडे नळ गळत नाही, दूध उतू जात नाही, कुणाची किल्ली हरवत नाही. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्याकडे काही बिघडत नाही, ही माझी चूक?"

आई वळली. ताईचा चेहरा बघून जरा ओशाळली. "तुझं कौतुकच आहे गं मला," म्हणाली. "पण तुझ्या घरात मी नुसती खुर्चीत बसून असते. आल्यागेल्यासमोर दाखवायला ठेवल्यासारखी."

दुपारभर ताईही साडी सावरून फरश्या उचलत राहिली, आई सांगेल तिथे ठेवत राहिली, आणि आईने तिला दोनदा "अगं वेडे, तिरकी बसली" म्हणून झापलं तेव्हा ती हसली. निघायच्या वेळी मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. तिने डिकी उघडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते पिवळं मशीन मला दे."

"तुला? तुझ्याकडे कुठे शेवाळ आहे?"

"नाहीच आहे," ताई म्हणाली. "पण माझ्याही घरात काहीतरी बिघडायला नको का? फक्त एवढं सांग, सुरुवात कुठून करू?"

मी मशीन उचलून डिकीत ठेवलं, पाइप नीट गुंडाळून दिला, आणि या सगळ्या खटाटोपात पहिल्यांदाच मला कुणाला तरी खरोखर उपयोगी पडणारा सल्ला देता आला.

"स्वयंपाकघरापासून कर," मी म्हटलं. "तिथे घोळ झालाय असं कळलं की आई इथे खुर्चीत बसून राहूच शकत नाही."